काम दाखवायची जागा : प्रस्तावना

पोर्टफोलिओ साइटचा इतिहास सांगणारे बहुधा मोठ्या कंपन्यांपासून सुरुवात करतात. मला ती इंडेक्झिबिटपासून करावीशी वाटते. ब्रिटिश डिझायनर-कलावंत डॅनियल ईटॉक आणि प्रोग्रामर जेफ्री वास्का यांनी २००६ साली ही छोटी प्रणाली लोकांपुढे ठेवली. तिच्यात करण्यासारखं जवळजवळ काही नव्हतंच. पानाच्या डाव्या कडेला कामांची यादी, उजवीकडच्या मोकळ्या जागेत काम. यादीतल्या नावावर क्लिक केलं की उजवीकडचं चित्र बदलायचं. पार्श्वभूमी पांढरी, अक्षरं बारीक, सजावट नाही. पुढची काही वर्षं कितीतरी ग्राफिक डिझायनर, छायाचित्रकार आणि कलाशाळांतून नुकती बाहेर पडलेली मुलं यांच्या साइट इतक्या एकसारख्या दिसत, की पान उघडताक्षणी ‘हे इंडेक्झिबिट’ म्हणून ओळखता यावं. सर्जनशील म्हणवणाऱ्यांनी असं एकाच साच्यात बसावं का, असा प्रश्न त्यावर सहज सुचतो. पण काम द्यायला बसलेल्या माणसाला साच्याशी काही देणंघेणं नसतं. त्याला चित्रं बघायची असतात, लवकर आणि मोठी. तेवढं त्याला मिळत होतं.

हे पुस्तक अशाच साधनांविषयी आहे. चित्रकार, छायाचित्रकार, सुलेखनकार, नेपथ्यकार, ॲनिमेटर, वस्त्ररचनाकार, माहितीपटांचे संकलक अशा लोकांना कोडची एक ओळही न लिहिता आपलं काम नेटवर नीट मांडता यावं म्हणून गेल्या वीस वर्षांत डझनावारी पोर्टफोलिओ बिल्डर निघाले. प्रत्येकाच्या जाहिरातीत सोपेपणाचं आश्वासन असतं. या सोपेपणाचा अर्थ एवढाच, की काही निर्णय तुमच्या वतीने कोणीतरी आधीच घेऊन ठेवले आहेत. त्यातले काही डोळे मिटून सोपवावेत असे असतात, आणि काही कधीही सोपवू नयेत असे. कोणते कुठल्या वर्गात मोडतात हे वाचकाला स्वतः ठरवता यावं, यासाठी हा सगळा प्रपंच.

नवख्या वाचकासाठी आधी यंत्राच्या पोटात जरा डोकावू. साइट म्हणजे कुठल्यातरी सर्व्हरवर ठेवलेल्या फायली. त्या सर्व्हरवरच्या जागेला होस्टिंग म्हणतात. ब्राउझरमध्ये आपण जे नाव टाइप करतो ते डोमेन, आणि ते नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं याची नोंद असते डीएनएसमध्ये. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातला संवाद मधल्यामधे कोणी वाचू नये म्हणून एक प्रमाणपत्र लागतं. पूर्वी त्याचे वेगळे पैसे पडत. लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा उपक्रमाने ते फुकट द्यायला सुरुवात केल्यापासून बहुतेक बिल्डर ते आपणहून बसवून देतात. ही सगळी जुळणी स्वतः करायची तर आठवडा जातो. बिल्डर ती काही मिनिटांत करतो.

पण माझ्या मते त्याचं खरं काम वेगळंच आहे. आजच्या साध्या कॅमेऱ्यातून निघालेलं चोवीस मेगापिक्सेलचं छायाचित्र सहा हजार पिक्सेल रुंद असतं. फोनवर बघणाऱ्याला त्याच्या पाव हिश्शाचीही गरज नसते, उलट मोठ्या पडद्यावर बघणाऱ्या आर्ट डिरेक्टरला बारीक आवृत्ती पाठवली तर ती फुटते. चांगला बिल्डर एकाच चित्राच्या चार-पाच आवृत्त्या करून ठेवतो, बघणाऱ्याच्या पडद्यानुसार योग्य ती पाठवतो, आणि पानाच्या तळाची चित्रं बघणारा तिथपर्यंत पोचेस्तोवर मागवतच नाही. रंगांचीही तीच कथा. छपाईसाठी सीएमवायकेमध्ये ठेवलेली फाइल तशीच चढवली की गुलाबी रंग भलताच होतो. काही बिल्डर ती निमूटपणे पडद्यासाठीच्या एसआरजीबीत बदलतात, काही नाही. दोन आठवड्यांच्या फुकट चाचणीत मी पाहीन ते हेच. टेम्प्लेट देखणं आहे की नाही, हा प्रश्न त्यानंतरचा.

काम दाखवायच्या जागेचा प्रश्न अर्थातच इंटरनेटच्या फार आधीचा आहे. राजा रविवर्म्याने १८९४ साली घाटकोपरला स्वतःचा शिळाछापखाना काढला, तो पुढे मळवलीला हलवला. राजेरजवाड्यांच्या दिवाणखान्यात अडकलेली चित्रं त्यामुळे घरोघरी भिंतीवर आली. पण छापखाना चालवणं हा चित्रं काढण्याहून निराळा उद्योग निघाला, आणि अखेर तो कर्जापायी विकावा लागला. जागा स्वतःची असावी हे खरं; तिची देखभालही मग स्वतःच्याच गळ्यात पडते. हा पेच पुढे पुस्तकभर येतो.

मराठी चित्रकारांनी त्यावर काढलेला एक तोडगा मला फार आवडतो. गोव्यात जन्मलेल्या दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ हा स्वतःचाच दिवाळी अंक काढला. मुखपृष्ठ त्यांचं, आतली रंगीत चित्रं त्यांची, सजावट त्यांची, आणि सोबत त्या काळचं कसदार मराठी लेखन. प्रकाशकांच्या दारी चित्रं घेऊन जाण्याऐवजी दरवर्षी प्रकाशकांसकट सगळा वाचकवर्ग दलालांची चित्रं विकत घेऊन बघत होता. पोर्टफोलिओ म्हणून याहून चांगली कल्पना मला माहीत नाही. बाकीच्यांच्या नशिबी काळं झिपवालं फोल्डर होतं. जे. जे. उपयोजित कला संस्थेतून किंवा पुण्याच्या अभिनव कला महाविद्यालयातून बाहेर पडलेल्यांच्या कित्येक पिढ्यांनी माउंट बोर्डवर चिकटवलेले लेआउट लोकलच्या गर्दीत वाकू न देता एजन्सीपर्यंत नेले. छायाचित्रकार ट्रान्सपरन्सी नेत आणि समोरचा त्या लाइट बॉक्सवर भिंग लावून बघे. सिनेमात येऊ पाहणारी मुलंमुली नामवंत छायाचित्रकाराकडून आपले फोटो काढून घेत आणि त्या संचालाच ‘पोर्टफोलिओ’ म्हणत. मुंबईत सामान्य माणसाला हा शब्द ठाऊक झाला तो तिथून. या साऱ्यात एक गोष्ट समान होती: फोल्डर उघडताना माणूस समोर हजर असायचा. कुठलं पान पटकन उलटायचं, कुठे थांबायचं, काय सांगायचं हे तो समोरच्याचा चेहरा बघून ठरवी. साइटवर आपण हजर नसतो. तिथली क्रमवारी आणि चार ओळींचा मजकूर यांना आपली जागा घ्यावी लागते, म्हणून त्यांच्यावर या पुस्तकात इतका वेळ घालवला आहे.

नेटवरचा इतिहास भराभर सांगता येईल. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न या संस्थेत घडवलेलं वेब १९९३ साली सगळ्यांसाठी खुलं झालं. १९९४ मध्ये सुरू झालेल्या जिओसिटीजने कोणालाही फुकट पान दिलं. मग फ्रंटपेज आणि ड्रीमवीव्हर आले, त्यांत चित्र उचलून हवं तिथे ठेवता येई. पण कलावंतांना वेड लावलं ते फ्लॅशने. अक्षरं उडत यायची, संगीत वाजायचं, साइट उघडण्याआधी एक छोटा चित्रपटच चालायचा आणि त्याच्या कोपऱ्यात ‘वगळा’ असं बटण असायचं. सगळ्यात जास्त दाबलं गेलेलं बटण तेच असावं. आज आपण त्याला हसतो, पण फ्लॅशने दिलेलं स्वातंत्र्य खरं होतं: पानावर कुठली गोष्ट कुठे आणि किती मोठी दिसेल हे अचूक ठरवता येई, फॉन्ट आपला वापरता येई, आणि मराठी मजकूरसुद्धा न फुटता दिसे. २००७ साली आलेल्या आयफोनवर फ्लॅश चालत नव्हतं. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सने ते का चालणार नाही हे जाहीर पत्र लिहून सांगितलं, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने ते बंद केलं. एका पिढीच्या पोर्टफोलिओ साइट त्या तारखेनंतर उघडेनाशा झाल्या. काम हरवलं नसेलही, मांडणी मात्र गेली.

त्याच २०१० साली ईथन मार्कोट यांनी रिस्पॉन्सिव्ह डिझाइनची कल्पना मांडली. पान बघणाऱ्याच्या पडद्याप्रमाणे आकार घेईल, त्यासाठी डिझायनरने अचूक जागेचा हट्ट सोडायचा. मुद्रणात मुरलेल्या माणसाला हे जड गेलं. अजूनही जातं. बिल्डरांची भरभराट होण्यामागे हे मोठं कारण आहे: तीन-चार आकारांच्या पडद्यांसाठी पान हाताने जुळवणं एकट्या कलावंताच्या आवाक्याबाहेर गेलं.

बिल्डरांची घराणी ढोबळमानाने तीन. पहिलं सर्वसमावेशक. अँथनी कॅसालेनाने मेरिलँड विद्यापीठात शिकताना सुरू केलेलं स्क्वेअरस्पेस आणि तेल अवीवचं विक्स ही त्यातली मोठी नावं. दुकान, रेस्टॉरंट, लग्नपत्रिका, पोर्टफोलिओ, काय हवं ते करा. विक्स आधी फ्लॅशवरच चालत होतं, २०१२ मध्ये ते नव्या तंत्रावर आलं. या घराण्यात स्वातंत्र्य भरपूर मिळतं आणि त्याबरोबर शंभर बटणंही. माझा पूर्वग्रह उघड सांगतो: चित्रकाराने ही बटणं बघत बसू नये. तीन संध्याकाळी फॉन्ट निवडण्यात जातात आणि चौथ्या दिवशी उत्साह संपतो.

दुसरं घराणं खास पोर्टफोलिओवाल्यांचं, आणि हे पुस्तक जास्त झुकतं ते त्यांच्याकडे. न्यूयॉर्कमधलं कार्बनमेड, कॅलिफोर्नियातलं कार्गो, टोरंटोचं फॉरमॅट, दिल्लीचं पिक्स्पा. एकाच पानाची साइट हवी असेल तर २०१६ साली आलेलं कार्ड. कार्बनमेड मुळात एका डिझायनरच्या स्वतःच्या पोर्टफोलिओतून वाढलं. एके काळी त्याच्या फुकट योजनेचं नाव ‘मेह’ होतं आणि पैसे भरण्याच्या योजनेचं ‘वू’. ‘मेह’मध्ये पाच प्रकल्प आणि पस्तीस चित्रं एवढीच मुभा असे. कंपनीने ती मर्यादा अर्थात पैसे भरायला लावण्यासाठी घातली. पण पाच प्रकल्पांत स्वतःला बसवायला लागलेल्या माणसाच्या हातून नकळत संपादन होई. गेल्या दहा वर्षांचं सगळं टाकायचं, या मोहाला तिथे जागाच नव्हती. आता साठवणूक स्वस्त झाली, बहुतेकांनी मर्यादा उठवल्या, आणि अडीचशे चित्रांची साइट हे नित्याचं दृश्य झालं. निवड हा त्या सोपवू नये अशा निर्णयांतला पहिला. पूर्वी साधन अपघाताने ती करून घेत असे, आता तेही करत नाही.

छायाचित्रकारांसाठीचे बिल्डर याच घराण्याची एक शाखा. मॅकअ‍ॅस्किल पिता-पुत्रांनी २००२ मध्ये सुरू केलेलं स्मगमग हे त्यातलं जुनं. इथे दाखवण्याबरोबर धंदाही असतो: लग्नाचे आठशे फोटो पासवर्ड लावून घरच्यांना दाखवायचे, त्यांनी अल्बमसाठी हवे ते निवडून खूण करायची, प्रिंटची मागणी तिथूनच नोंदवायची. आपल्याकडच्या लग्नाच्या फोटोग्राफरांना याचा उपयोग कळायला वेळ लागत नाही.

तिसरं घराणं हाती काम करणाऱ्यांचं. कोणी २००३ साली आलेलं वर्डप्रेस आपल्या सर्व्हरवर बसवतो, कोणी साधं एचटीएमएल लिहून गिटहबवर फुकट ठेवतो. ज्यांना हे जमतं त्यांनी जरूर करावं, त्यांना या पुस्तकाची गरज नाही. मात्र वर्डप्रेसची डागडुजी कोणीतरी करत राहावी लागते. दोन वर्षं हात न लावलेल्या साइटवर एके दिवशी औषधांच्या जाहिराती दिसू लागतात, आणि ते आपल्याला क्लायंटकडून कळतं.

बिल्डर नसलेली, पण बिल्डरांची जागा व्यापून बसलेली दोन प्रकारची ठिकाणं आहेत. एक म्हणजे कलावंतांचे चौक: डेव्हिअंटआर्ट (२०००), बिहान्स (२०१२ पासून ॲडोबीच्या मालकीचं), ड्रिबल (२००९), आर्टस्टेशन (२०१४). इथे गर्दी आयती मिळते. पण गर्दीचे नियम कामात उतरतात. ड्रिबलवर सुरुवातीला ४०० बाय ३०० पिक्सेलचा एक तुकडा टाकायचा असे, त्यामुळे त्या तुकड्यात देखणं दिसेल असंच डिझाइन लोक करू लागले. २०१३ साली पॉल ॲडम्स यांनी यावर जाहीरपणे बोट ठेवलं. कुठलाच प्रश्न न सोडवणारी, नुसती टाळ्यांसाठी केलेली डिझाइनं वाढताहेत, असा त्यांचा रोख होता. दुसरं ठिकाण अर्थातच इन्स्टाग्राम.

इथे जरा थांबलं पाहिजे, कारण वाचकाच्या मनात प्रश्न आहेच: इन्स्टा आहे, व्हॉट्सॲप आहे, मग साइट कशाला? प्रामाणिक उत्तर असं, की पुष्कळांना तिची गरज नाही. सांगलीतल्या मेहंदी काढणाऱ्या मुलीचं, नाशिकच्या मेकअप आर्टिस्टचं गिऱ्हाईक इन्स्टाग्रामवरच असतं. ते तिथेच बघतं आणि तिथेच विचारतं. त्यांनी वर्षाला चार-पाच हजार रुपये साइटवर घालवू नयेत. साइट लागते ती ज्यांच्या कामाचा निर्णय टेबलाशी बसून, इतर दहा जणांच्या कामाशी तुलना करून, बहुधा समितीत घेतला जातो त्यांना. मुखपृष्ठासाठी चित्रकार शोधणारा प्रकाशक, शिष्यवृत्तीचे अर्ज तपासणारा परीक्षक, आर्ट गॅलरी, परदेशातलं विद्यापीठ, आर्किटेक्टची फर्म. यांना तुमचं कालचं चित्र बघायचं नसतं, सर्वांत चांगलं बघायचं असतं. इन्स्टाग्रामचं पान काळानुसार लागतं आणि २०१६ पासून लोकांना काय दिसावं हेही त्याचं गणितच ठरवतं. शिवाय तिथे दोन चित्रांच्या मध्ये चुलतभावाच्या बारशाचा फोटो असतो. तो असू नये असं नाही. परीक्षकासमोर असू नये.

साइट स्वतःची म्हणताना ती कितपत स्वतःची असते? बिल्डरवरची साइट म्हणजे अकरा महिन्यांच्या करारावर घेतलेली जागा. रंग लावा, पडदे लावा, पण मालकाने इमारत विकायची ठरवली तर निघावं लागतं. याहूने जिओसिटीज २००९ मध्ये बंद केलं, गुगलने ऑर्कुट २०१४ मध्ये. ॲडोबीने म्यूझ हे साइट बनवायचं साधन काढलं आणि २०२० मध्ये त्याचा आधार काढून घेतला. फ्लिकर स्मगमगकडे गेल्यावर फुकट खात्यांना हजार फोटोंची मर्यादा आली. मायस्पेसवर २००३ ते २०१५ दरम्यान चढवलेलं संगीत सर्व्हर हलवताना गेलं ते गेलंच. बंद न पडलेल्या सेवाही हात बांधतात: ॲडोबी पोर्टफोलिओ क्रिएटिव्ह क्लाउडच्या वर्गणीत मिळतो, म्हणजे वर्गणी थांबली की साइटही थांबते.

म्हणून बिल्डर निवडताना मी आत शिरायच्या दाराऐवजी बाहेर पडायचं दार आधी बघायला सांगतो. चित्रं मूळ आकारात परत मिळतात का, मजकूर काढून नेता येतो का, आणि सगळ्यात महत्त्वाचं, डोमेन दुसरीकडे वळवता येतं का. डोमेन आपलं असेल तर बिल्डर बदलला तरी पत्ता बदलत नाही. अर्थात डोमेनही आपण कायमचं विकत घेत नाही, एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी नोंदवतो. पण त्या नोंदीवर नाव आणि ईमेल कोणाचा, यावर सारं अवलंबून असतं. आपल्याकडे साइट करून देणारा ओळखीचा मुलगा डोमेन सहसा स्वतःच्या खात्यातून घेतो. त्याचा हेतू वाईट नसतो, काम पटकन व्हावं एवढाच असतो. पुढे तो बंगळुरूला नोकरीला जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर जाते, आणि वीस वर्षं कमावलेलं नाव दुसऱ्याच कोणीतरी नोंदवून टाकतं. नाव हा न सोपवायचा दुसरा निर्णय.

पैसे भरण्यातही आपल्याकडे एक मेख आहे. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती व्यवहारांचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले आणि कितीतरी परदेशी सेवांची आपोआप होणारी वजावट भारतीय कार्डांवर अडली. वर्गणी भरलीच गेली नाही हे साइट बंद पडल्यावर कळावं, असे प्रसंग त्यातून येतात. डॉलरमधल्या किमतीवर जीएसटीही लागतो, तो हिशेबात धरलेला बरा.

आता मराठीचा प्रश्न. यावर दुसरीकडे फारसं लिहिलेलं सापडत नाही, म्हणून पुस्तकात तो भाग जाणूनबुजून लांबवला आहे. जवळजवळ सगळी टेम्प्लेट रोमन अक्षरं समोर ठेवून केलेली असतात. शीर्षकातल्या अक्षरांत ऐटदार अंतर सोडलेलं असतं. तिथे देवनागरी घातलं की शिरोरेघ तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. ओळी एकमेकींना खेटून असतात, त्यात वेलांट्या आणि रफार वरून कापले जातात, उकार खालून. टेम्प्लेटच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर ब्राउझर स्वतःच्या मर्जीने कुठला तरी फॉन्ट उचलतो, आणि सुबक इंग्रजी शीर्षकाखाली ओबडधोबड मराठी ओळ येते. बारकाईने बघणाऱ्याला आणखीही दिसेल. मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून वेगळे. चांगल्या फॉन्टांमध्ये दोन्ही वळणं असतात, पण मराठी वळण दिसण्यासाठी पानाची भाषा मराठी आहे असं कोडमध्ये नोंदवलेलं लागतं. कित्येक बिल्डरांमध्ये ही नोंद करायची सोयच नसते, किंवा संपूर्ण साइटसाठी एकच भाषा निवडता येते. सुलेखनकाराच्या साइटवर हिंदी वळणाचा ‘ल’ दिसणं मला तरी सोसवत नाही.

याबाबत परिस्थिती पूर्वीपेक्षा खूपच बरी आहे हेही सांगायला हवं. श्रीलिपीसारख्या आज्ञावलींतल्या जुन्या फॉन्टांचा मजकूर नेटवर दिसावा म्हणून एके काळी त्याचं चित्र करून चढवत. युनिकोड रुळल्यावर, र. कृ. जोशींनी आखलेल्या मंगलसारख्या फॉन्टमुळे मराठी सगळ्या संगणकांवर दिसू लागलं. आता मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू, इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स असे देखणे देवनागरी फॉन्ट कोणालाही फुकट वापरता येतात. २०१४ पासून ‘.भारत’ हा देवनागरीतला डोमेनही मिळतो. तो घ्यावा का? हौस म्हणून घ्यावा आणि मुख्य पत्त्याकडे वळवून ठेवावा. फोनवर कोणाला ईमेल सांगायची वेळ येते तेव्हा रोमन पत्ताच कामी येतो. बिल्डरला पैसे देण्याआधी एक चाचणी मात्र करावी. शीर्षकाच्या जागी ‘वाङ्मय’, ‘कर्तृत्व’, ‘सुऱ्या’, ‘ॲनिमेशन’ हे चार शब्द टाकून फोनवर बघावेत. जिथे डबा दिसेल किंवा मात्रा कापली जाईल तिथून पुढे जावं.

हे पुस्तक आत्ताच का, याला एक तातडीचं कारण आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आर्टस्टेशनचं मुखपृष्ठ एआयविरोधी निषेधाच्या चित्रांनी भरून गेलं. यंत्राने बनवलेली चित्रं तिथे येऊ लागली होती, आणि ती बनवणारी यंत्रं नेटवरच्या चित्रकारांच्याच कामावर शिकवलेली होती. तेव्हापासून पोर्टफोलिओवर दोन बाजूंनी ताण आहे. काम दाखवलं नाही तर मिळत नाही, दाखवलं तर ओरबाडलं जातं. काही बिल्डर आता एआयच्या यंत्रांना अडवायचा पर्याय देतात, पण त्यामागची रोबोट्स फाइलची पद्धत ही निव्वळ विनंती असते, कुलूप नव्हे. शिकागो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये आणलेलं ग्लेझ चित्रात न दिसणारा फेरफार करून शैलीची नक्कल अवघड करतं; त्याचा उपयोग किती काळ टिकेल हे यंत्रांच्या पुढच्या पिढ्यांवर अवलंबून आहे. उजवं क्लिक बंद करणं मात्र पूर्वीही निरर्थक होतं आणि आजही आहे. दुसरा बदल बघणाऱ्याच्या मनात झाला आहे. गुळगुळीत अंतिम चित्र पाहून तो आता विचारतो, हे तुम्ही केलंत का? कच्ची रेखाटनं, बाद झालेले पर्याय, क्लायंटने काय मागितलं आणि तुम्ही ते का बदललंत याच्या चार ओळी, हे सगळं पूर्वी ऐच्छिक होतं. आता तोच पुरावा झाला आहे. म्हणून शब्द हा न सोपवायचा तिसरा निर्णय. बिल्डरमध्ये आलेलं ‘मजकूर लिहून द्या’ हे बटण जो दाबेल, त्याच्या चार ओळी शेजाऱ्याच्या चार ओळींसारख्याच निघतील.

कायद्याची एक बाब बहुतेकांना माहीत नसते. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमानुसार, मोबदला घेऊन कोणाच्या सांगण्यावरून काढलेल्या छायाचित्राचा किंवा रंगवलेल्या व्यक्तिचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काम सांगणारा असतो. म्हणजे लग्नाचे फोटो साइटवर टाकायचे तर फोटोग्राफरने आधी तसं लिहून घ्यायला हवं. पुस्तकात या कराराच्या वाक्यांचे नमुने दिले आहेत. ते वकिलाला दाखवूनच वापरावेत.

बिल्डरांची तुलना करणारा तक्ता इथे नाही. किमती आणि योजना दर काही महिन्यांनी बदलतात, छापील पानावरचा तक्ता प्रकाशनाच्या दिवशीच शिळा होतो. त्याऐवजी वेगवेगळ्या पेशांतल्या लोकांनी कोणत्या क्रमाने प्रश्न विचारावेत, हे मांडायचा प्रयत्न आहे. चित्रकाराचे प्रश्न संकलकाचे नसतात, आणि दोघांचेही आर्किटेक्टचे नसतात. ऑनलाइन दुकानाचा विषय मुद्दाम सोडला आहे, तो वेगळ्या पुस्तकाचा आहे. पुस्तक कुठूनही वाचलं तरी चालेल. डोमेन नोंदवण्याविषयीचा भाग तेवढा आधी वाचावा. आपल्या नावाचा डोमेन आज मोकळा असेल, तर उरलेली पानं वाचून होईपर्यंत तो मोकळा राहीलच असं नाही.